कडीअक्का आणि बारावा डबा

अक्का घराला कुलूप लावायच्या, ओढून पाहायच्या, किल्ली कमरेच्या पिशवीत टाकायच्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायच्या. पुन्हा एकदा ओढायच्या. उन्हाळ्यात जळगावचा रस्ता चपलेतून पाय भाजतो, रिक्षावाला हॉर्न वाजवून वैतागलेला असतो, पण अक्का परत येणारच. रिक्षावाला म्हणायचा, "अक्का, चोराला कुलपापेक्षा तुमचीच भीती जास्त आहे." त्यावर अक्का शांतपणे बसत आणि म्हणत, "लावलंय आणि लागलंय यात फरक असतो रे. चल आता."

गल्लीत त्यांना कडीअक्का म्हणत. त्यांच्या कानावर ते होतंच. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे रागात किंवा मजेत असल्या की तोंडून अहिराणी निघायची. "म्हणू दे. कडी म्हनतस, ढिली तं नही म्हनतस!"

मी विमा कंपनीत नोकरीला. बदली होऊन आईला घेऊन जळगावला आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. खाली त्यांचा शिवणक्लास. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सुनंदा धुळ्याला दिलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काय काम करतेस?" मी सांगितलं. "म्हणजे लोकांना उद्याची भीती घालतेस," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी विमाबाई झाले. माझं खरं नाव त्यांनी किती वेळा घेतलं असेल ते मला आठवत नाही.

भांड्यांच्या बाबतीत बाई महाकडक. संध्याकाळी वर एखादी वाटी यायची, भरीत असो, कळण्याची भाकरी असो, नाहीतर तळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून हाक: "विमाबाई, वाटी!" आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्यात काहीतरी घालून द्यायची, निदान चार खजूर तरी. एकदा माझ्याकडून एक चमचा राहिला. त्या चमच्यासाठी त्या माझ्या ऑफिसात आल्या होत्या! साहेबांसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लासमधल्या पोरींना त्यांचं एकच सांगणं असायचं. दोनदा माप, एकदा कात्री. आणि कुणी घाई केली की, "समजनं नही तं हात लावाना नही." समजलं नाही तर हात लावायचा नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा ऑफिसात एका ग्राहकालाच म्हणून बसले.

तर अशा बाईने एका दुपारी मला खाली बोलावून विचारलं, "ते बिटकॉइन काय असतं?" मी हसलेच. क्लासमधल्या कुणा पोरीच्या भावाने म्हणे त्यात पैसे घातले होते. मी म्हटलं, "अक्का, तो जुगार आहे. तुमच्यासारख्या बाईने त्या वाटेला जाऊ नये." त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "जुगार आहे हे तुला समजलंय, की तू ऐकलंयस?" ऐकलंच होतं की!

त्यांच्या विचारण्याचं कारण मग हळूहळू कळलं. सुनंदाच्या लग्नात अक्कांनी घातलेलं सोनं जावयाने, राजूभाऊने, शेअरच्या कसल्याशा धंद्यात घालून संपवलं होतं. तसा माणूस वाईट नव्हता. मारहाण नाही, व्यसन नाही. पण झटपट श्रीमंतीचा नाद असा की मोबाईलवर कुणी साहेब म्हणून बोललं की हा लगेच विरघळायचा. एकेक दागिना गेला, आणि सुनंदाने दर वेळी स्वतः काढून दिला. अक्का मला म्हणाल्या, "मला माझ्या पोरीसाठी असं काहीतरी ठेवायचंय, जे तिच्या अंगावर दिसणार नाही, कपाटात सापडणार नाही, आणि तिने स्वतः उघडल्याशिवाय कुणाला उघडणार नाही. ती उद्या स्वतःच्या पायावर उभी राहायची म्हणाली तर तिने कुणाचं तोंड बघायला नको." हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते.

मग आमची शिकवणी सुरू झाली. दोघीही शिकाऊ. मी मोबाईलवर वाचायची, त्या प्रश्न विचारून माझा जीव खायच्या. "नाणं फोनात असतं का?" नाही. "मग फोन हरवला तर?" नाणं हरवत नाही. "मग फोनात काय असतं?" मला नीट सांगता येईना तेव्हा त्यांनी आठवडाभर विषय सोडला नाही, आणि एका सकाळी पापड वाळत घालताना स्वतःच म्हणाल्या, "कळलं. गावाच्या चौकात काचेची पेटी आहे. सगळ्यांना दिसते, हलवता कुणालाच येत नाही. आपल्या फोनात फक्त तिची किल्ली. आणि सुरुवातीला फोन एकदा दाखवतो ते बारा शब्द म्हणजे किल्ली हरवली तर नवी घडवायचा साचा. बरोबर?" बरोबर होतं. "मग साचा ज्याच्या हातात, पेटी त्याची. साच्याला जपायचं, फोनला नाही."

पॅनकार्ड देऊन, रीतसर खातं उघडून त्यांनी थोडं थोडं घ्यायला सुरुवात केली. गेलं तरी चूल पेटती राहील एवढंच, हा त्यांचा नियम. घेतलेलं बिटकॉइन विकणाऱ्या कंपनीच्या खात्यात ठेवायलाही अक्का तयार नव्हत्या. "दुसऱ्याच्या घरात माझी पेटी कशाला?" म्हणून एक जुना फोन फक्त त्यासाठी बाजूला काढला आणि त्यात स्वतःची वेगळी पेटी केली. वॉलेट हा शब्द त्यांना आवडायचा नाही. बारा इंग्रजी शब्द पडद्यावर आले तेव्हा मला म्हणाल्या, "तोंड भिंतीकडे कर." मी रागावले. इतके महिने डोकं मीच खपवलं होतं ना? त्या म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. ज्याला माहीत असतं त्यालाच लोक पिडतात. तुला माहीत नसलेलं बरं." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले, फुगून.

पेटीत थोडंसं आल्यावर अक्का म्हणाल्या, "आता पुसून टाकते." मला वाटलं पडदा पुसणार. त्यांनी फोनातलं सगळं वॉलेटच काढून टाकलं! "अक्का! अहो काय केलंत!" मी किंचाळले. क्लासमधल्या पोरी सुया टोचून घेता घेता वाचल्या. अक्का शांत. ॲप पुन्हा घातलं, मला भिंतीकडे वळवलं, आणि एकेका बोटाने शब्द भरत बसल्या. पंख्याचा आवाज आणि त्यांचा श्वास, एवढंच ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "वळ." होतं तेवढं सगळं परत आलं होतं. "कुलूप ओढून पाहिल्याशिवाय लागलंय कसं म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "आधी थोडं टाकायचं, मग पुसून उघडून पाहायचं, मग बाकीचं. गळ्याशी सुरी आली तरी हा क्रम सोडायचा नाही." आणि माझ्यासाठी लिंबू सरबत करायला आत गेल्या.

फोनवरच्या ठगांचीही त्यांनी चांगलीच जिरवली. एक गोडबोल्या म्हणाला, मॅडम, तुमचं वॉलेट बंद होणार आहे, व्हेरिफिकेशनसाठी बारा शब्द सांगा. अक्का म्हणाल्या, "सांगते की. आधी तुझ्या आईने मंगळसूत्र कुठे ठेवलंय ते सांग." पलीकडून फोन आपटला. त्या दिवशी त्या खूप हसल्या. मग लगेच गंभीर होऊन मला म्हणाल्या, "हे शब्द जो मागतो तो चोर. आवाज कितीही गोड असो. उद्या तुझे शब्द झाले आणि मी मागितले तरी देऊ नकोस."

भाव मध्ये असा गडगडला की माझीच झोप उडाली. त्यांनी फोन उघडूनही पाहिला नाही. "पोरीसाठी लावलेलं झाड रोज उपटून मुळं बघायची का?" म्हणाल्या.

त्या वर्षी आखाजीला सुनंदा माहेरी आली. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही लेकींची दिवाळी. झोके, गाणी, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी. जाताना अक्कांनी तिला स्टीलच्या डब्यांचा सेट दिला, एकात एक बसणारे, मोठ्यापासून लहानापर्यंत. मी चिडवलं, "काय अक्का, सोनं संपलं म्हणून स्टील?" त्या म्हणाल्या, "सोनं विकतात. डबे कोण विकतं?" सुनंदा खाली मान घालून हसली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग माझी शिरपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी टेम्पो दाराशी उभा, आई पुढे बसलेली, आणि अक्का एक डबा घेऊन आल्या. आत बिबडे. मी म्हटलं, "आखाजीला येईन तेव्हा डबा आणते परत. रिकामा नाही आणणार." त्या म्हणाल्या, "नको. हा परत आणू नकोस."

एवढंच. चमच्यासाठी ऑफिसात येणारी बाई! डबा परत आणू नकोस म्हणजे काय, येऊ नकोस? संबंध संपला? मला इतकं लागलं म्हणून सांगू! त्या मात्र वळल्या, दाराची कडी लावली, आतून ओढून पाहिली. तो आवाज मला टेम्पोत ऐकू आला. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, नाही असं नाही. पण ते मनात रुतून बसलं. भेटायला जायचं पुढे पुढे ढकलत राहिले आणि अक्का गेल्या. दुपारी क्लासमध्ये मशीनवर बसल्या बसल्याच गेल्या, असं सुनंदाने कळवलं. मी धावत गेले तेव्हा घराला कुलूप होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी लावलेलं होतं. मी तिथे उभी राहून ते ओढून पाहिलं आणि मग मला रडू फुटलं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी सुनंदाचा फोन आला. "ताई, आईने सांगून ठेवलं होतं, पेटी उघडायची वेळ आली की शिरपूरच्या ताईला बोलाव, बाकी ती बघेल. तुम्ही येता का? लवकर या. आजच या." आवाज दबका होता. मी रजा टाकली आणि पहिल्या बसने धुळ्याला गेले.

घरात शिरले तर राजूभाऊ खुर्चीवर, मांडीवर मोबाईल, चेहरा फुललेला. सुनंदाने आत नेऊन भराभरा सांगितलं. अक्कांचा तो जुना फोन बॅटरी फुगून मेला होता. आता फक्त बारा शब्द. ते शब्द आखाजीच्या डब्यांच्या तळाशी कोरलेले होते. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्या निरनिराळ्या दुकानांतून अक्कांनी एकेक डबा कोरून घेतला होता. प्रत्येकाच्या बुडाला फक्त चार इंग्रजी अक्षरं, कारण शब्द ओळखायला पहिली चार पुरतात, आणि क्रम डब्यांच्या आकाराचा. सगळ्यात मोठा तो पहिला शब्द. मी कपाळाला हात लावला. अक्का, अहो अक्का!

"पण डबे अकराच आहेत," सुनंदा म्हणाली. "बारावा तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मला काय ठाऊक असणार! मी तर भिंतीकडे तोंड करून उभी होते. माझा चेहरा पाहून तिचा उतरला. आणि बाहेरून राजूभाऊ म्हणाला, "हात्तिच्या! मी म्हटलं नव्हतं? तुम्ही बसा शोधत. माझा माणूस आहे. मोठा साहेब आहे. हरवलेली वॉलेट उघडून देणं हेच त्याचं काम. अकरा शब्द द्या म्हणतो, बारावा तो काढतो. तीन वाजता फोन येणार आहे."

सुनंदाने शोकाच्या भरात त्याला सगळं सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, "राजूभाऊ, जो अकरावरून बारावा काढू शकतो तो बारा झाल्यावर तुम्हाला कशाला देईल? एकदा गेलं की कुठल्या ठाण्यात जाऊन परत मागाल?" तो हसला. "ताई, तुम्ही विम्यातल्या. या क्षेत्रातलं तुम्हाला नाही कळायचं. आणि डब्यांचे फोटो सकाळीच काढलेत मी." त्याने खिशावर हात मारला.

म्हणजे चोराच्या हातात किल्ली जायला फक्त एक फोन येणं बाकी होतं. सुनंदाचं सगळं त्या खिशात होतं. मी डब्यांसमोर फतकल मारून बसले. रागाने माझे कान तापले होते. अक्कांचाही राग आला. एक डबा कुठे ठेवला हे धड सांगून जायचं नाही? मी उगाच एकात एक डबे घालू लागले. मोठ्यात त्याहून लहान, त्यात त्याहून लहान, सगळे घट्ट बसत गेले. आणि मध्येच एक डबा खुळखुळला. बाहेरच्या आणि त्याच्यामध्ये एका डब्याची जागा रिकामी होती. त्या जागेत बसणारा डबा केवढा असेल याचा मी हाताने अंदाज घेतला, आणि माझा हात तसाच राहिला.

तो डबा मी रोज सकाळी हातात घेत होते. शिरपूरला, माझ्या ओट्यावर. त्यात साखर असते. बुडाला काही अक्षरं होती, मला ती कंपनीचा शिक्का वाटत आली होती.

"हा परत आणू नकोस." बाई गं! येऊ नकोस असं त्यांना म्हणायचंच नव्हतं. पोरीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली होती आणि मी फुगून बसले होते. डोळे भरून आले, पण राजूभाऊ दारात उभा होता. मी डबे आवरत म्हटलं, "सुनंदा, माझ्याबरोबर शिरपूरला चल. एकाला विचारून पाहू. डबे घे." घरी माझ्या आईला फोन करून अक्षरं वाचून घ्यावीत असं क्षणभर आलं मनात. पण शब्द फोनवर नाही, फोटोत नाही, कुणाला ऐकू जातील असे नाहीत. आणि तो तर दोन हातांवर उभा.

"डबे कशाला?" तो म्हणाला. "डबे राहू दे इथे."

सुनंदा कधी नवऱ्यासमोर वर मान करून बोललेली मी पाहिली नव्हती. तिने गोणपाटात डबे भरले, तोंड बांधलं आणि म्हणाली, "डबा मनी मायना शेतस. मनासंगे येतीन." आईचे डबे आहेत, माझ्याबरोबर येतील. आवाज सुनंदाचा, पण बोलल्या अक्काच. तो बाजूला झाला.

बस शिरपूरला पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. भरदुपार, खिडकीतून आगीसारखा वारा, आणि पायाशी खणखणणारं पोतं. शेजारचे आबा म्हणाले, "सोनगीरला मोडीत घालायले चालनात का भांडा?" सुनंदा म्हणाली, "नही आबा. माहेरनं शे." सोनगीर गेलं, नरडाणा गेलं, तापीचा पूल आला. सुनंदाला मी कानात सांगितलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

घरात शिरले ती थेट ओट्याशी. साखर प्लास्टिकच्या बरणीत. डबा नाही!

"आई! डबा कुठाय?"

"अगं, समोरच्या काकूंकडे मेथीचे लाडू दिले सकाळी. घरातला तोच बरा दिसला. एवढं काय ओरडतेस? देतील की उद्या भरून."

आता काय म्हणावं! जगात कुणाचा खजिना असा लाडू घेऊन शेजारी गेला नसेल. मी अनवाणी पळाले. काकू झोपलेल्या, दार लोटलेलं. आणि त्यांच्या अंगणातल्या मोरीच्या कठड्यावर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा, तो डबा धुऊन पालथा घातलेला होता. बुडाची चार अक्षरं उन्हात लखलखत होती. मी तो उचलून पदराखाली घेतला. काकू आतून ओरडल्या, "अगं, रिकामाच नेतेस?" मी म्हटलं, "नंतर भरा!"

घड्याळ तीनकडे सरकत होतं. माझ्या फोनवर जुनी पेटी उघडायची, घरातला एक जास्तीचा फोन कोरा करून त्यात सुनंदाची नवी पेटी करायची आणि इकडचं तिकडे पाठवायचं, एवढंच काम. मग जुने शब्द साहेबाला मिळाले तरी आत काही सापडणार नव्हतं. नवे बारा शब्द पडद्यावर आले तेव्हा मी आपणहून भिंतीकडे तोंड केलं. सुनंदाने लिहून घेतले. मग डबे ओळीने पालथे मांडले, बारावा त्याच्या जागी सरकवला आणि अक्षरं भरली. पेटी उघडली. अक्कांनी ठेवलेलं सगळं तिथे होतं. सुनंदा ओठ दाबून बघत राहिली.

मी नवा पत्ता टाकला आणि म्हटलं, "सगळं पाठवते." बोट पडद्यावर टेकणार, तेवढ्यात तिने मनगट धरलं. "आधी थोडं पाठवा."

"अगं, वेळ नाही! तीन वाजत आलेत!"

"आधी थोडं, ताई. मग पुसून उघडून पाहू. मग बाकीचं. आई असंच करायची ना?"

मी चरफडले. शप्पथ सांगते, तिच्या आईसारखीच हट्टी, असं तोंडावर म्हणाले. राजूभाऊचा फोन वाजायला लागला, तो मी उचलला नाही. थोडं पाठवलं. दोघी त्या जुनाट फोनकडे डोळे लावून बसलो. आलं. मग तिने ते वॉलेट पुसलं. पुन्हा शब्द भरायला लागली आणि फोन म्हणाला, शब्द चूक. घाईत तिने दोन शब्द खालीवर लिहिले होते. सगळं एकदम पाठवलं असतं आणि तो फोन उद्या बिघडला असता तर सुनंदाच्या हातात त्या चुकीच्या कागदापलीकडे काही उरलं नसतं. ती सावकाश, कपाळावरचा घाम पुसत, जागा बदलून बदलून पाहत राहिली. राजूभाऊचा फोन पुन्हा वाजत होता, थांबत होता, वाजत होता. शेवटी पेटी उघडली. तिने कागद दुरुस्त केला, पुन्हा पुसलं, पुन्हा उघडलं. मग पत्त्याचं एकेक अक्षर मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाली, "आता पाठवा."

पाठवलं. पाठवण्याच्या फीचा अंदाज चुकल्याने जुन्या पेटीत थोडी चिल्लर राहिली, ती मी तशीच सोडली. मग राजूभाऊचा फोन घेतला. तो आनंदात होता. "दिले फोटो साहेबाला! संध्याकाळपर्यंत काम होतं म्हणाला." सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला आणि काही न बोलता बंद केला.

आईने चहा केला. चहा पिऊन होतो न होतो तोच मी जुनी पेटी पुन्हा उघडून पाहिली. राहिलेली चिल्लरही गेली होती. कुणीतरी, कुठेतरी बसून, अकरा शब्दांवरून बारावा काढला होता. अक्कांचं तेवढं चुकलं होतं. एक डबा लांब ठेवला की पेटी सुरक्षित, असं त्यांना वाटलं. ते तसं नसतं, हे आम्ही दोघी कधी वाचलंच नव्हतं. पण ज्या सावधपणाने त्यांनी आम्हाला वागायला शिकवलं होतं, त्याने त्यांची ती चूकही निस्तरली. सुनंदा त्या रिकाम्या पेटीकडे पाहत कितीतरी वेळ रडली. मी तिला रडू दिलं. मीही रडलेच.

राजूभाऊ दुसऱ्या दिवशी शिरपूरला आला. साहेबाचा फोन लागत नव्हता. चपला न काढता तो दारातच उभा राहिला. सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं आणि डब्यांचं पोतं पुढे केलं. "धरा. जड आहे." त्याने धरलं. बारावा डबा मी तिला देऊ लागले तर तिने घेतला नाही. "तो आईने तुम्हाला दिलाय." त्यात आता पुन्हा साखर आहे, आणि आईला मी बजावलंय की लाडू दुसऱ्या कशातही दे.

सुनंदाने धुळ्यात स्वतःचा शिवणक्लास काढला. भिंतीवर काही लिहिलेलं नाही, पण पोरींना ती काय सांगते ते मला माहीत आहे. नवे शब्द तिने कुठे ठेवलेत, किती ठिकाणी ठेवलेत, मी विचारलं नाही. एक किंवा दोन शब्द लांब ठेवून भागत नाही, एवढं मात्र तिला नीट समजावलं आहे.

यंदा आखाजीला ती मला म्हणाली, आता माझं माहेर तुमच्याकडे. आली, दोन दिवस राहिली, झोक्यावर बसली. जाताना पिशवीतून एक कोरा करकरीत स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. आत बिबडे होते. मी सवयीने म्हटलं, "धुऊन, भरून पाठवते परत."

"नका पाठवू ताई," सुनंदा म्हणाली. "हा परत नका आणू."

तिला बसमध्ये बसवून घरी आले, दाराची कडी आतून लावून ओढून पाहिली आणि डबा अक्कांच्या डब्याशेजारी ठेवला. पालथा करून मी तो अजून पाहिलेला नाही.